अध्याहृत शब्दांची तपासणी

ज्या काळी संगणकाच्या पडद्यावर चित्र उमटणे दुर्मीळ होते, त्या काळी काही खेळ केवळ शब्दांवर उभे राहिले. पडद्यावर दोन ओळींचे वर्णन यावे, खेळणाऱ्याने 'उत्तर' किंवा 'दिवा घे' असा हुकूम टंकित करावा आणि पुढचे दालन त्याच्या कल्पनेत उघडावे, एवढाच त्यांचा सरंजाम. विल क्राउदर या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने, केंटकीतील मॅमथ गुहांमध्ये स्वतः केलेल्या भ्रमंतीच्या आधारे, १९७० च्या दशकाच्या मध्यास आपल्या मुलींसाठी असा एक खेळ फोरट्रान भाषेत रचला आणि १९७७ साली डॉन वुड्सने त्याचा विस्तार केला, ही हकीकत मला पुष्कळ उशिरा कळली; त्या जातीचे खेळ मात्र शाळकरी वयातच माझ्या आयुष्यात आले. १९८४ साली सुरू झालेल्या सरकारी योजनेतून आमच्या शाळेला बीबीसी मायक्रो यंत्रे मिळाली होती, आणि यंत्रे थोडी व मुले फार, म्हणून गणिताच्या मास्तरांनी एक रीत घालून दिली होती : ज्याची पाळी नसेल त्याने वहीत स्तंभ आखावेत, बेसिकमधल्या प्रोग्रॅमची एकेक क्रमांकित ओळ वाचावी आणि ती पार पडल्यावर कोणत्या चलाची किंमत काय झाली ते लिहावे. पुढे नोकरीत कोणत्या भाषा आल्या आणि गेल्या त्याचा तपशील येथे नको. ती वही मात्र सुटली नाही.

गेल्या दिवाळीत माझी आठवीतली भाची पायथॉनमध्ये लिहिलेला आपला पहिला खेळ घेऊन आली. गडावर वाट चुकलेला एक मावळा, महाद्वार, अंबारखाना, पाण्याचे टाके, बालेकिल्ला. आणि सारे हुकूम मराठीत, कारण पायथॉन ३ ला देवनागरी वर्ज्य नाही. तक्रार अशी : "मामा, मी 'पूर्व' लिहिलं तरी हा उत्तरेलाच जातोय, आणि एररसुद्धा दाखवत नाही!"

खरी अडचण या दुसऱ्या अर्ध्यातच होती. कंस राहिला किंवा ओळीचे इंडेंटेशन बिघडले, तर पायथॉन ओळीच्या क्रमांकासह खुलासा देऊन थांबतो. परंतु व्याकरणाने निर्दोष असलेल्या ओळीतला भलता अर्थ तो निमूटपणे अमलात आणतो. तिने लिहिले होते : इफ दिशा == "उत्तर" ऑर "उ". मी तिला वहीत स्तंभ आखायला सांगितले आणि तिलाच पायथॉनच्या जागी बसवले. दिशा काय? पूर्व. ती 'उत्तर' आहे का? नाही. मग पुढचा प्रश्न कोणता? "'उ'... एवढंच?" असे म्हणून ती थबकली. हे वाक्य वाचताना माणूस 'दिशा उ आहे का' असा अध्याहृत भाग मनानेच भरून घेतो. पायथॉन 'ऑर'च्या उजवीकडे केवळ एक अक्षर पाहतो, आणि रिकामा नसलेला कोणताही मजकूर त्याच्या दप्तरी सत्य म्हणून गणला जातो. सबब उत्तरेचा दरवाजा सदैव उघडा. 'दिशा ==' हे शब्द पुन्हा लिहिताच मावळा पूर्वेला वळला.

कोठाराचे कुलूपही त्याच कुळातले निघाले. इनपुटने घेतलेला ७ हा पायथॉन ३ मध्ये अंक नसून मजकूर असतो, म्हणून संख्या असलेल्या ७ शी तो कधीच जुळत नाही, आणि बरोबर आकडा देऊनही कुलूप बंद राहते. त्याला आधी इंटमधून काढावे लागते. येथे 'पेक्षा लहान' असे विचारले असते, तर पायथॉनने टाइपएरर देऊन हरकत घेतली असती. पायथॉन २ मध्ये अशी विजोड तुलनाही बिनतक्रार चाले; २००८ च्या डिसेंबरात आलेल्या ३.० ने ती मुभा काढून घेतली, आणि नवशिक्यांवर त्या भाषेने केलेल्या उपकारांत मी हा फार वरचा मानतो.

घरातले एखादे मूल असा अडलेला खेळ घेऊन आले, तर दुरुस्ती चटकन दिसली तरी कीबोर्ड आपल्याकडे ओढू नका. त्याच्यापुढे कोरी वही ठेवा, एकेक ओळ मोठ्याने वाचायला सांगा, आणि ते थबकेल तेथे तुम्हीही गप्प राहा.