औंदा बी तूच कर

वेल्ह्यात आमचं एकरभराच्या आतलं भातखाचर आहे. अप्पा पुण्याला आले तेव्हापासून ते त्यांचे चुलतभाऊ, आमचे तात्या, अर्धलीनं करतात. पाऊस तोंडावर आला की अप्पांचा फोन जातो, "औंदा बी तूच कर, पुढल्या साली बघू." हे पुढलं साल एकोणीस वर्षं येतंय. दुसऱ्याला द्यायचं तर वरच्या झऱ्याचं पाणी कुठून वळवायचं, कुठला बांध दर पावसात फुटतो, हे एकट्या तात्यांना ठाऊक.

माझी कंपनी एका सरकारी कार्यालयाची सायबर सुरक्षा सांभाळते. फायरवॉल, अँटिव्हायरस, लॉगवर नजर. मी मंगळवारी कापूरहोळवरून भोर, गुरुवारी चेलाडी फाट्यावरून वेल्हे, असा बाईकवर फिरत संगणकांना पॅच मारतो. (तालुका आता राजगड झाला, तोंडात अजून वेल्हेच येतं.) कंत्राट तीन वर्षांचं होतं, ते संपून वर्ष होत आलं. नवी निविदा निघेना, म्हणून तीन-तीन महिन्यांची मुदतवाढ, तीही आम्हालाच. आदेशात दरवेळी तेच : नवीन निविदा प्रक्रिया पूर्ण होईपर्यंत किंवा तीन महिने, यापैकी जे आधी घडेल ते. आधी नेहमी तीन महिनेच घडतात.

चौथ्या वेळी 'हेच पुरवठादार का' हा परिच्छेद मला लिहायला सांगितला. मी केंद्राचे २०१७चे वित्तीय नियम उघडले. नियम १६६ म्हणतो, एकाच पुरवठादाराकडून घ्यायचं तर वस्तू फक्त त्याच्याकडेच हवी, किंवा तातडी हवी, किंवा जुन्या यंत्राशी जुळणारा भाग हवा. तातडी खरीच होती. सर्ट-इनच्या एप्रिल २०२२च्या निर्देशांप्रमाणे लॉग १८० दिवस ठेवायचे आणि हल्ला झाला तर सहा तासांत कळवायचं. कंत्राट रात्री बाराला संपलं, तर बारा वाजून एक मिनिटाला हे कोण करणार?

मोठ्यांचंही असंच चालतं. सॉफ्टवेअरमधल्या त्रुटींना क्रमांक देणारी सीव्हीई यादी १९९९पासून मायटर ही अमेरिकी संस्था चालवते. आम्ही पॅच शोधतो ते त्याच क्रमांकांवरून. तिचं सरकारी कंत्राट १६ एप्रिल २०२५ला संपत होतं. ऐन वेळी अकरा महिने वाढवून मिळाले. त्या दिवशी ऑफिसात आम्ही चहा विसरून बातम्या बघत होतो.

तर परिच्छेद खरा होता, पण अर्धा. मूळ करारात हस्तांतराचं कलम आहे : नेटवर्कचा नकाशा, फायरवॉलचे नियम आणि ते का लावले याची नोंद, सगळं कार्यालयाला द्यायचं. आम्ही दिलेलं नाही. ते माझ्या लॅपटॉपात आणि बरंचसं डोक्यात आहे. दुसरं कुणी हे करू शकत नाही, हे कारण आम्हीच तयार केलंय. त्या कारणावर माझा पगार आणि बाईकचा हप्ता चालतो. मी सही करून दिलं.

लावणीला गावी गेलो तेव्हा तात्यांना म्हटलं, पाणी कसं वळवता ते दाखवा. ते चिखलातच थांबले.

"का रं, दुसऱ्याला द्यायचंय व्हय?"

"नाही तात्या. लिहून ठेवतो."

जरा वेळ काही बोलले नाहीत. मग फावडं खांद्यावर घेऊन वरच्या बांधाकडे चालू लागले, मी मागून.

पुढची मुदत या महिन्याच्या ३० तारखेला संपते. हस्तांतराची फाईल लिहायला घेतली आहे. अकरा पानं झालीत, वेल्ह्याचा भाग अजून बाकी आहे. साहेबांना सांगितलेलं नाही.