पंगत

लातुरात गंजगोलाईच्या मागच्या आळीत आमचे घर होते. गणपतीत शेजारच्या काकू मोदकांची वाटी घेऊन यायच्या. आम्ही ख्रिस्ती; अप्पांच्या लेखी तो मूर्तीपुढचा नैवेद्य. ओठाला लावायचा नाही. आई वाटी दोन्ही हातांनी घ्यायची आणि रिकामी परत जाऊ नये म्हणून तीत साखर घालायची. मोदकांचे पुढे काय व्हायचे, ते तिने कधी सांगितले नाही.

अप्पांचा कडवेपणा मला मोठेपणी उमगला. त्यांच्या आजोबांच्या पिढीने ख्रिस्ती होताना मरीआई, म्हसोबा सोडले होते. पटकी आली की देवीचा कोप म्हणून कर्ज काढून बकरे कापायचे आणि गावाच्या पंगतीत मात्र सगळ्यांत शेवटी, लांब बसायचे, असे त्यांचे जिणे. त्यातून सुटलेल्यांना मागे वळून पाहायचीही भीती वाटे. मूर्तीला वाहिलेले अन्न खावे की नाही, हाच पेच करिंथच्या ख्रिस्ती मंडळीपुढे होता. देवळातल्या पंगतीला बसणे प्रेषित पौलाला मान्य नव्हतेच. पण मूर्तीत काही नाही, अन्नाने कोणी देवाजवळ जात नाही, फक्त तुमच्या खाण्याने दुबळ्या भावाला ठेच लागू देऊ नका, असे त्याने लिहिले. आमच्याकडे तो भाऊ विसरला गेला आणि यादी उरली: कुंकू नाही, सिनेमा नाही, रविवारी बाजार नाही.

पौलाचे गलतीकरांस पत्र मी नांदेडला शिकत असताना नीट वाचले. इ. स. ५० च्या सुमाराची त्यातली भांडणे जेवणाचीच आहेत, हे पाहून मी थक्क झाले. अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीयांबरोबर जेवत असे. यरुशलेमहून याकोबाकडची माणसे आली, तसा तो पंगतीतून उठला. पौलाने त्याला सगळ्यांदेखत खडसावले. सुंता करा, सणवार पाळा, मग देवाच्या घरात या, असे म्हणणे म्हणजे ख्रिस्ताचे मरण व्यर्थ ठरवणे, हे त्याचे म्हणणे. मूर्ती सोडून आलेली माणसे नियमांच्या पाया पडू लागली, तर त्यांनी सोडले काय?

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ मी त्याच दिवसांत वाचली. त्यांचे पती नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, लक्ष्मीबाईंचा १९०० चा. मधल्या काळात नवऱ्याकडे परत आल्यावरही त्यांनी सोवळे जपले. मग माणसाच्या हातच्या पाण्याने विटाळ कसा होईल, हे त्यांचे त्यांनाच उलगडले. सोवळे आधी सुटले, बाप्तिस्मा नंतर झाला. कृपेचे काम असेच चालते, असे मला वाटते.

नांदेडला सचखंड हुजूर साहिबच्या लंगरात मी पुष्कळदा जेवले आहे. तिथे जात कोणी विचारत नाही. ताटात डाळ पडते, पोळी पडते. माझी श्रद्धा वेगळी, तरी तिथून उठताना आपल्या प्रभुभोजनाची आठवण होऊन मी अस्वस्थ होई. कारण मी एका मंडळीत पाहिले होते: मुलीने धर्माबाहेर लग्न केले म्हणून तिच्या आईला पंचकमिटीने प्रभुभोजन बंद केले. ती म्हातारी शेवटच्या बाकावर बसून राही. भाकर आणि प्याला तिच्या पुढून निघून जाई.

पाळकांना आणि पंचांना माझी हात जोडून विनंती आहे. येशू जकातदारांच्या घरी जेवला, तेव्हा त्याने त्यांचे दाखले मागितले नव्हते. येत्या रविवारी शेवटच्या बाकावर कोण बसले आहे ते पाहा आणि त्यांना आधी वाढा.