भुशीची पायरी

सर्फिंग हा शब्द मला चिरंजिवांमुळे कळला. लाटेवर फळी टाकायची नि तिच्यावर उभं राहायचं म्हणे. अस्मादिकांना लोकलमध्ये दांडी धरूनही धड उभं राहता येत नाही! पण लोणावळ्याला समुद्र नाही, या भरवशावर मी ‘शिकवीन हो’ म्हणून टाकलं.

भुशी धरण मात्र होतं. रेल्वेने ते वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावं म्हणून बांधलं. इंजिनं गेली, पाणी राहिलं. पावसाळ्यात धरण भरलं की जादा पाणी पायऱ्यांवरून उतरतं. आमच्या भाषेत ओव्हरड्राफ्ट. त्यात अर्धं पुणं नि अर्धी मुंबई कणसं खात बसलेली असते.

“बाबा, उभे राहा ना!”

राहिलो. हातही पसरले. पायरीवर शेवाळ आहे, ही नोंद मेंदूत होईपर्यंत मी चार पायऱ्या खाली, बसलेल्या अवस्थेत जमा झालो होतो. पाणी इतकं गार की ओरडायला उघडलेलं तोंड मिटेचना. चष्मा गेला. एक चप्पल गेली; दुसरी शिल्लक म्हणून हातात होती.

सगळे हसले. ही हसली नाही. ३० जून २०२४ ला याच धरणामागच्या धबधब्यात एका कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. ते कात्रण तिच्या कपाटात आहे. एका हातात पोराचं मनगट, दुसऱ्यात माझी कॉलर धरून तिने आम्हाला बाहेर काढलं. भज्यांच्या गाडीपर्यंत कॉलर काही सुटली नाही.

“किती प्लेट?” भजीवाल्याने विचारलं.

“दोन. यांना नको.”