लाटसाहेबांच्या बागेतला हळद्या

परळला माणूस येतो तो इस्पितळात. पण एके काळी मुंबईचे गव्हर्नर मोकळ्या हवेसाठी येथे राहत, हे आमच्या चाळीत अजूनही कोणी खरे मानीत नाही! आचार्य दोंदे मार्गावरच्या हाफकिन संस्थेची जुनी इमारत म्हणजेच तो लाटसाहेबांचा बंगला. मुळात ती जेझुइट पाद्र्यांची जागा. साहेबांनी प्रार्थनामंदिरात मेजवान्या झोडल्या. पुढे १८८२ साली गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नी पटकीने वारल्या आणि साहेबांचे मन परळवरून उडाले. १८९९ साली बंगल्यात प्लेगची प्रयोगशाळा आली.

झाडे मात्र राहिली. माझे वडील गिरणीकामगार. १९८२ च्या संपानंतर त्यांची गिरणी उघडलीच नाही, तरी भोंग्याच्या वेळी त्यांना जाग येई. मग मला घेऊन ते या भिंतीकडेने चक्कर मारीत. उन्हाळ्यात आत तांबटाची टुकटुक सुरू झाली की म्हणत, "ह्याची पाळी लागली बघ." पावसाळ्यात रस्ताच तुंबे, तेव्हा पक्षी कसले बघता! पण दिवाळीच्या सुमारास ते मान वर करूनच चालत. थंडीचा पाहुणा हळद्या, पिवळाधमक, काळ्या पंखांचा, पानांत क्षणभर चमके. तो दिसला की घरी येऊन आईला आधी ती बातमी, चहा नंतर.

परवा वसुबारसेला पहाटे मी एकटाच गेलो. फाटकाशी रेंगाळलेला पाहून रखवालदाराने हटकले, "कोणाला भेटायचंय?"

मी झाडाकडे बोट केले.

"हळद्या ना? चार दिवस झाले येऊन."