जमिनीला पाय लागण्याआधी

गुडघ्याचं लिगामेंट फाटलेल्या मुलीला घेऊन आई-वडील येतात, तेव्हा पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो : "धक्का कुणाचा लागला, मॅडम?" मुलगी मान हलवते. कुणाचाच नाही. कबड्डीत चढाई करताना साखळीवरून उडी घेतली, किंवा जाळीजवळ स्मॅश मारून खाली आली, पाय टेकला, गुडघ्यात काहीतरी 'कट्' झालं आणि ती खालीच बसली. रात्रीपर्यंत गुडघा टम्म सुजला. मांडीचं हाड आणि नडगी यांना आतून तिरकं बांधून ठेवणारं जे लिगामेंट, ज्याला मैदानावरची पोरंही आता एसीएल म्हणतात, त्याच्या बहुतांश दुखापती अशाच होतात. समोरच्याचा धक्का गुडघ्याला लागलेलाच नसतो. याचं आई-वडिलांना नवल वाटतं. मला मात्र त्यातच आशा दिसते. धक्का आपल्या हातात नसतो, उतरणं असतं.

बॅडमिंटनपटू कॅरोलिना मारिन रिओ ऑलिंपिकची सुवर्णपदक विजेती. २०१९ मध्ये इंडोनेशिया मास्टर्सच्या अंतिम सामन्यात सायना नेहवालविरुद्ध ती आघाडीवर होती, आणि तिचा उजवा गुडघा गेला. २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकच्या उपांत्य फेरीत पहिला गेम जिंकून, दुसऱ्यातही पुढे असताना, पुन्हा तोच गुडघा. मारिन डावखुरी आहे. बॅडमिंटनमध्ये रॅकेटच्या विरुद्ध बाजूचा गुडघा जास्त धोक्यात का असतो, ते हालचाल नीट पाहिली की कळतं. बॅकहँडच्या बाजूला डोक्यावरून जाणारं शटल गाठायला खेळाडू धड त्या बाजूला कलवते, हवेत फटका मारते आणि त्याच बाजूच्या एका पायावर उतरते. धडाचा भार गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला पडतो, गुडघा आत ढकलला जातो. पाऊल मॅटला घट्ट धरून असतं आणि वरचं शरीर अजून वळत असतं. त्या पिळाला अडवायला शेवटी ते लिगामेंटच उरतं.

हे सगळं किती वेळात घडतं? दुखापतींच्या चित्रफितींच्या अभ्यासातून जो आकडा पुढे आला, तो पाय टेकल्यानंतर साधारण ४० मिलिसेकंदांचा आहे. मोबाइलवर नेहमीचा व्हिडिओ सेकंदाला ३० चित्रं टिपतो, म्हणजे प्रसंग एखाद-दुसऱ्या चित्रातच आटोपतो. पाय टेकल्यावर चूक जाणवून, मेंदूपर्यंत निरोप जाऊन स्नायूंनी गुडघा सावरायचा, तर त्याला याहून बराच जास्त वेळ लागतो. म्हणजे 'सांभाळून उतर' ही हाक मुलीच्या कानावर पडेपर्यंत उशीर झालेला असतो. गुडघ्याचं भवितव्य हवेतच ठरतं. मांडीच्या मागचे आणि कुल्ल्याचे स्नायू पाय टेकण्याआधी आवळलेले हवेत, आणि ते आपसूक आवळले जावेत इतकी ती सवय अंगात मुरलेली हवी.

दुसरा हिशेब सोपा आहे आणि तो मी मुलींना मैदानावरच मांडून दाखवते. ३० सेंटिमीटर उंचीवरून खाली आलीस आणि पाय टेकल्यावर शरीर आणखी १० सेंटिमीटर खाली येऊन थांबलं, तर सरासरी जोर वजनाच्या चौपट पडतो. तेच थांबायला ३० सेंटिमीटर घेतलेस, तर दुप्पट. ५० किलोच्या मुलीच्या बाबतीत हा फरक २०० किलो आणि १०० किलो यांच्यातला आहे. क्षणिक जोर तर याहूनही वर जातो. जोरात आलेला झेल घेताना हात मागे नेतो, तसं घोटा, गुडघा आणि खुबा या तिघांनी मिळून शरीराचा वेग हळूहळू जिरवायचा. ताठ पायावर उतरलं की मांडीचा पुढचा स्नायू नडगीला पुढे ओढतो. तिला मागे धरणाऱ्या, मांडीमागच्या हॅमस्ट्रिंगला सरळ गुडघ्यात नीट जोर लावता येत नाही. गुडघा आणि खुबा वाकले, की त्याला पकड मिळते.

बास्केटबॉल, फुटबॉलसारख्या खेळांत मुलींना ही दुखापत मुलांपेक्षा दुपटी-तिपटीने होते. वयात येताना उंची आणि वजन झपाट्याने वाढतं, पण खुब्याची आणि मांडीमागची ताकद त्याच वेगाने वाढत नाही. नेमक्या याच वयात आपल्याकडच्या मुली मातीवरून मॅटवर जातात, बूट घालतात, स्पर्धा वाढतात. मॅटवर खरचटणं कमी होतं, पण बुटाची पकड वाढते. मातीत जो पाय थोडा घसरून सुटला असता, तो इथे अडकून राहतो.

मग शिकवायचं कसं? 'गुडघा इतक्या अंशात वाकव' असं सांगितलं, की मुलगी गुडघ्याचा विचार करत राहते आणि आणखीच आखडते. 'आवाज येऊ देऊ नकोस' म्हटलं, की शरीर आपलं आपण वाट काढतं. ती चवड्यावर उतरते, मग टाच टेकते, कंबर मागे जाते, गुडघे पावलांच्या रेषेत राहतात. कानाने मिळणाऱ्या या खुणेने उतरतानाचा जोर कमी होतो, हे अभ्यासातही दिसलं आहे. आधी बुटक्या खोक्यावरून दोन पायांवर उतरून स्थिर थांबायचं, मग एका पायावर, मग वळून. ते जमलं की मी तिचं लक्ष काढून घेते. ती हवेत असतानाच चेंडू टाकते, नाहीतर बाजूने खांद्याला हलकेच ढकलते. खऱ्या चढाईत तिची नजर मध्यरेषेवर आणि पकडायला झेपावणाऱ्या हातांवर असणार. पायांकडे बघायला तिला सवड कुठली?

अमेरिकेत टिमोथी ह्युएट आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये २०५ खेळाडू मुलींचं उतरणं मोजून त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुढे ज्या ९ जणींचं एसीएल फाटलं, त्यांचे गुडघे उतरताना अधिक आत झुकत होते. त्यावरून वाटलं, की अशा मुली आधीच निवडून काढता येतील. पण नॉर्वेत हँडबॉल आणि फुटबॉलच्या ७१० अव्वल महिला खेळाडूंवर झालेल्या अभ्यासात उडीची ही चाचणी कुणाचा गुडघा जाणार हे ओळखायला अपुरी ठरली. मला हा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो. कुठल्याही मुलीवर 'हिचा गुडघा कच्चा' असा शिक्का मारून तिला संघाबाहेर बसवायचा अधिकार आपल्याला नाही. आणि 'हिचं उतरणं छान आहे, हिला गरज नाही' असं म्हणायचाही नाही. शिकवायचं तर सगळ्यांना.

कारण प्रशिक्षणाचा गुण मात्र पुन्हा पुन्हा दिसून आला आहे. ताकद, तोल आणि उतरण्याचा सराव नियमित करणाऱ्या संघांत एसीएलच्या दुखापती सुमारे निम्म्यावर येतात. त्यासाठी आठवड्यातून दोन-तीनदा, वॉर्मअपमधली पंधरा-वीस मिनिटं पुरतात. दुसऱ्या पारड्यात काय आहे तेही बघा. शस्त्रक्रिया, किमान नऊ महिने खेळाबाहेर, आणि पंचविशीच्या आत खेळात परतलेल्यांपैकी जवळजवळ चारातल्या एकाला त्याच किंवा दुसऱ्या गुडघ्याची पुन्हा दुखापत. आपल्याकडे यात आणखी एक तोटा धरावा लागतो : घरचे म्हणतात, "झालं तेवढं पुरे, आता अभ्यास कर," आणि मुलगी परत मैदानावर येतच नाही.

म्हणून शाळांच्या आणि तालमींच्या सरांकडे माझं मागणं आहे. मुलगी बारा-तेरा वर्षांची झाली, की चढाई आणि स्मॅशइतक्याच गांभीर्याने तिला उतरणं शिकवा. हंगाम संपला म्हणून ते थांबवू नका. सराव सुटला की सवयही सुटते. यासाठी यंत्र लागत नाही, पैसा लागत नाही. एक बुटकं खोकं, मोकळी जागा आणि तिचा पाय टेकतानाचा आवाज ऐकणारा जाणता कान असला, की उद्याच्या सरावापासून सुरुवात करता येते.