बुडी घेण्यापूर्वी

गिरगावात आमची तिसरी पिढी नांदते आहे. चौपाटी घरापासून चालत दहा मिनिटांवर. तरीही आमच्या घरातील कोणी त्या समुद्रात घोट्यापेक्षा खोल उतरल्याचे मला आठवत नाही. अनंत चतुर्दशीला लालबागहून येणाऱ्या मूर्तींना निरोप द्यायला गर्दीत उभे राहावे, एरवी वाळूत घटकाभर बसावे आणि सूर्यास्तापूर्वी जेवणासाठी घरी परतावे, एवढाच आमचा सागराशी संबंध. लहानपणी वडील आम्हां भावंडांना तारापोरवाला मत्स्यालयात नेत. १९५१ साली सुरू झालेल्या त्या वास्तूत काचेपलीकडचे मासे पाहताना ते म्हणत, "यांचे खरे घर पाहायला हवे." त्यांचा तो योग आला नाही.

आमच्या लग्नाला तीस वर्षे पूर्ण होत होती, तेव्हा मुलाने ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्यावरील ग्रेट बॅरियर रीफची सहल सुचवली. प्रशांत महासागरातील ही प्रवाळरांग सुमारे २,३०० किलोमीटर पसरलेली आहे. चित्रे पाहून मन मोहून गेले. पण खर्चाचा अंदाज काढताच आम्ही दोघेही गप्प झालो. थोड्या वेळाने हेच म्हणाले, "आपले मालवण काय वाईट आहे?" ह्यांच्या वडिलांचे लालबागला किराणा दुकान होते. गिरण्यांत काम करणारी मालवणी कुटुंबे त्यांची गिऱ्हाइके. "शेटजी, एकदा गावाक येवा" हे आमंत्रण ह्यांनी बालपणापासून ऐकले होते आणि पाण्याखालचे जग पाहण्याची इच्छाही तेव्हापासूनची.

चौकशी केली तेव्हा कळले की, मालवणजवळचा समुद्र १९८७ सालापासून सागरी अभयारण्य आहे. क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६४ साली कुरटे बेटावर ज्याचा पाया घातला, त्या सिंधुदुर्गाच्या आसपासच्या खडकांवर प्रवाळ वाढतात. जवळच तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे.

मग नियोजन सुरू झाले. पावसाळ्यात हा समुद्र बुडीसाठी बंद असतो. चातुर्मासात आपणही प्रवास टाळतो, त्यामुळे कार्तिकी पौर्णिमेनंतरचे दिवस ठरवणे सोपे गेले. त्या सुमारास पाण्यातील गाळही खाली बसू लागतो. दादरहून तुतारी एक्सप्रेस मध्यरात्रीनंतर पाच मिनिटांनी सुटते. आम्ही शुक्रवारी रात्री निघायचे म्हणून शुक्रवारचीच तिकिटे काढली. ती गाडी गुरुवारच्या रात्रीची, हे सुदैवाने वेळीच लक्षात आले. ज्यांना ह्या गाडीने जायचे असेल त्यांनी तारीख दोनदा तपासावी. कुडाळला उतरून मालवण साधारण तीस किलोमीटर. परतीलाही रेल्वेच बरी, कारण बुडीनंतर बारा ते अठरा तास विमानात बसू नये असा नियम आहे. खोल पाण्यात दाबाखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन शरीराबाहेर पडायला तेवढा अवधी लागतो.

खरी अडचण निघण्याच्या आठवडाभर आधी उभी राहिली. बुडी घेणाऱ्याने प्रकृतीची प्रश्नावली भरायची असते. त्यात दम्याविषयी प्रश्न होता. ह्यांना लहानपणी दमा होता आणि अजूनही थंडीत कधीमधी फवारा घ्यावा लागतो. मुलगा म्हणाला, "बाबा, 'नाही' असे लिहा. पंधरा मिनिटांचा तर प्रश्न आहे." हे काही बोलले नाहीत. रात्री उशिरापर्यंत तो कागद टेबलावर तसाच पडून होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही छातीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी शांतपणे समजावले. दहा मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो. तिथे घेतलेला श्वास वर येताना दुप्पट जागा मागतो. म्हणूनच पाण्याखाली श्वास कधीही रोखून धरायचा नाही. दम्यामुळे श्वासनलिका आकुंचन पावल्या, तर आत अडकलेल्या हवेला वाट मिळत नाही आणि फुप्फुस फाटू शकते. "तुम्ही उतरू नये," एवढेच ते शेवटी म्हणाले. घरी येऊन ह्यांनी "होय" लिहिले आणि कागद माझ्यासमोर ठेवला. "आता तू उतर."

मला पोहता येत नाही. मुलगा शिवाजी पार्कच्या तलावात पोहायला शिकत असे, तेव्हा मी बाहेर पिशवी सांभाळत बसे. पहिल्या बुडीसाठी पोहणे आवश्यक नसते, प्रशिक्षक सतत सोबत असतो, हे कळूनही रात्री झोप येईना.

मालवणात जेवणाची गैरसोय झाली नाही. घावणे, नारळाचा गोड रस आणि काजूची उसळ मिळाली. मात्र कांदा-लसूण नको हे आदल्या दिवशी सांगावे, सोलकढीतही लसूण घालतात. बुडी सकाळची ठरवली म्हणजे सूर्यास्तापूर्वी जेवण सहज होते. होडीवाल्यांना आम्ही आणखी एक विनंती केली होती: आमच्यासाठी माशांना पाव टाकू नका. पाहुण्यांच्या छायाचित्रासाठी त्यांची भूक बदलावी, हे मनाला पटत नव्हते. प्रवाळ दगडासारखे दिसले तरी सजीव आहेत आणि फार हळू वाढतात, म्हणून हातपाय दूर ठेवायचे हेही ठरले होते.

उथळ पाण्यात तोंडाने श्वास घेणे, नाक चिमटीत धरून कानांतील दाब सारखा करणे, अंगठा वर म्हणजे "वर चला" ही खूण, असा सराव झाला. पहिल्या खेपेस घाबरून मी लगेच वर आले. होडीच्या काठावरून ह्यांनी माझा हात धरला. "नको वाटत असेल तर राहू दे," ते म्हणाले. तेवढ्याने धीर आला आणि मी पुन्हा उतरले.

खाली माझ्याच श्वासाचा आवाज होता. पट्टेदार माशांचा एक थवा आला, क्षणभर थांबला आणि आपल्या वाटेने गेला. मध्ये काच नव्हती. वडिलांची फार आठवण झाली.

वर आल्यावर ह्यांनी सारे बारकाईने विचारून घेतले. कोणता रंग, किती मोठे, किती जवळ. परतीच्या गाडीत रत्नागिरी येईपर्यंत तीच चर्चा चालली होती. पाण्याखाली न जाताही ह्यांची सहल पूर्ण झाली, असे मी म्हणणार नाही, हळहळ राहिलीच. परंतु ह्या वयात सोबतीने घरी परत येण्याचे मोल आम्हा दोघांनाही ठाऊक आहे. म्हणून मालवणला जाऊ इच्छिणाऱ्या वाचकांना एकच सांगणे: सामान मागाहून बांधा, ती प्रश्नावली आधी खरी भरा.