मॉलच्या मागचं गिरणगाव

लोअर परळ, करी रोड, चिंचपोकळी. यातल्या एखाद्या स्टेशनवर उतरून रोज धावत ऑफिस गाठणाऱ्यांनो, एखाद्या शनिवारी घड्याळ न बघता उतरा. लॅपटॉप घरीच ठेवा. तुमच्या एसी केबिनखाली एक अख्खं गाव दडलंय. गिरणगाव!

मी मूळची पाटोद्याची, बीड जिल्ह्यातली. आमच्याकडे दसरा सरला की कोयते निघतात. कोयता म्हणजे ऊसतोडीला जाणारी नवरा-बायकोची जोडी. मुकादमाकडून उचल घ्यायची, पोरंबाळं आणि भांडीकुंडी गाडीत टाकायची, कारखान्याजवळ कोपी बांधून पाच-सहा महिने काढायचे. म्हणूनच कामगारांची वस्ती बघताना माझा पहिला प्रश्न ठरलेला: ही माणसं राहत कुठे होती?

गिरणगावात याचं उत्तर अजून थोडंफार उभं आहे. १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी ताडदेवच्या पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली. मग कोकणातून, घाटावरून माणसं येत गेली. चाळीतल्या एकेका खोलीत पाळीपाळीने झोपायची. हा कामावर, तो अंथरुणावर. जेवण खानावळीत. या खानावळवाल्या बायकांना एकत्र करून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं.

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप झाला. जवळपास अडीच लाख कामगार बाहेर पडले. यंत्रं जुनी, यंत्रमागाची स्पर्धा आणि जमिनीला सोन्याचा भाव. बऱ्याच गिरण्या पुन्हा धडपणे सुरू झाल्याच नाहीत. १९९१ च्या नियमांनी जमिनी विकायची वाट मोकळी झाली आणि भोंग्यांच्या जागी मॉल आले. १९०५ च्या फिनिक्स मिलमध्ये आज आपण सेलला गर्दी करतो.

तिथून चालत लालबागला या. चिवडा गल्लीत पाव किलो घ्या, मसाल्याच्या वासाने दोन शिंका द्या आणि फिनले मिलची गोष्ट ऐका. ग्लासगोच्या जेम्स फिनले कंपनीची ही गिरणी. स्कॉटलंडमधलं डीन्स्टन हे गिरणी-गावही त्याच कंपनीच्या ताब्यात होतं. तिथली गिरणी १९६५ मध्ये बंद पडली आणि तिच्या इमारतीत व्हिस्की बनू लागली. आपल्याकडे गिरण्यांच्या आवारात पब आले. हिशेब साधारण सारखाच! फिनलेचं नाव मात्र सरकारी वस्त्रोद्योग महामंडळाने विदर्भात अचलपूरला नेलं. तिथली गिरणीही २०२० च्या लॉकडाऊनमध्ये थांबली.

दगडी भिंती टिकल्या की आपण त्याला हेरिटेज म्हणतो, फोटो काढतो. माणसांचं काय? गिरणी कामगारांसाठी म्हाडाने २०१२ मध्ये ६,९२५ घरांची सोडत काढली. एकूण अर्ज मात्र पुढे पावणेदोन लाखांच्या घरात गेले. अनेकांच्या रांगेत आता मुलं, नातवंडं उभी आहेत. तरी चाळ होती, पत्ता होता, युनियन होती म्हणून हक्क सांगता तरी आला. कोपीला पत्ता नसतो. हंगाम संपला की ती मोडतात.

तेव्हा जा, बघा, चिवडा खा. आणि तिथल्या चाळीच्या कठड्यावर कुणी आजोबा बसलेले दिसले, तर कॅमेरा जरा बाजूला ठेवून विचारा, ‘काका, कुठल्या खात्यात होतात?’ साचेखातं म्हणाले, तर तुमची संध्याकाळ तिथेच जाणार!